ल्युकेमियाच्या उपचारांत मुलांना होणारा बुरशीचा खोलवरचा संसर्ग: पालकांनी टप्प्याटप्प्याने काय करावं

मुलाला ल्युकेमिया झाल्याचं कळलं की घरातल्या सगळ्यांचं लक्ष एकाच प्रश्नावर खिळतं: केमो लागू पडतेय का? ते साहजिक आहे. पण उपचार चालू असताना मूल अचानक गंभीर होतं, त्यामागे बऱ्याचदा संसर्ग असतो. बॅक्टेरियाच्या संसर्गाबद्दल पालकांना पहिल्याच आठवड्यात बजावलं जातं. बुरशीचा विषय मात्र अनेकदा सीटी स्कॅनचा रिपोर्ट हातात पडल्यावरच निघतो. हा लेख त्याआधी वाचण्यासाठी आहे.

एक खुलासा आधीच करते. तोंडात पांढरे थर येणं किंवा त्वचेवर नायटा होणं हेही बुरशीमुळेच होतं, पण इथे विषय वेगळा आहे. बुरशी रक्तात, फुप्फुसांत, सायनसमध्ये, यकृतात किंवा मेंदूत शिरते तेव्हा तिला खोलवरचा, म्हणजे इन्व्हेजिव्ह संसर्ग म्हणतात. तो जिवावर बेतू शकतो. वेळेत सापडला तर त्यातून मुलं बरी होतात आणि पुढची केमोही पूर्ण करतात. माझा सगळा भर या "वेळेत" वर आहे, आणि त्यातला बराचसा वेळ पालकांच्या हातात असतो.

आधी शत्रू कोणते ते समजून घ्या

कॅन्डिडा ही बुरशी आपल्या आतड्यात आणि त्वचेवर एरवीही असते. केमोने आतड्याचं अस्तर सोलवटलं किंवा सेंट्रल लाइनमधून, म्हणजे औषधांसाठी मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीतून, वाट मिळाली की ती रक्तात उतरते. अ‍ॅस्परजिलस हवेतून येते. तिचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे, डोळ्यांना न दिसणारे असतात आणि आपण सगळेच ते रोज श्वासावाटे आत घेतो. निरोगी माणसाच्या पांढऱ्या पेशी त्यांचा तिथल्या तिथे निकाल लावतात. पेशीच नसल्या तर ते फुप्फुसात रुजतात. म्युकर गटातल्या बुरशी बहुधा नाक-सायनस किंवा फुप्फुसांतून सुरुवात करतात आणि रक्तवाहिन्यांत घुसून आसपासचा भाग मृत करत जातात. इथे दिवसांचा नाही, तासांचा हिशोब असतो. चौथी न्यूमोसिस्टिस. तीही बुरशीच आहे, पण नेहमीच्या बुरशीच्या औषधांनी तिचा बंदोबस्त होत नाही, म्हणून तिच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

पायरी १: आपल्या मुलाचा धोका किती, हे डॉक्टरांकडून स्पष्ट विचारून घ्या

सगळ्या मुलांना सारखा धोका नसतो, आणि एकाच मुलाला सगळे महिने सारखा नसतो. एएमएल म्हणजे अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, उलटलेला ल्युकेमिया आणि दुसऱ्याच्या पेशी घेऊन केलेलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट, हे तीन गट सर्वांत जोखमीचे. एएलएलमध्ये, म्हणजे अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक प्रकारात, एकूण धोका कमी असतो. मात्र इंडक्शनचे, म्हणजे ल्युकेमिया आटोक्यात आणणाऱ्या केमोच्या पहिल्या टप्प्याचे, सुरुवातीचे काही आठवडे, 'हाय रिस्क' उपचारपद्धती आणि स्टिरॉइडचे मोठे डोस चालू असतानाचा काळ नाजूक असतो. त्यातच स्टिरॉइड आणि अ‍ॅस्पॅराजिनेज ही औषधं एकत्र चालू असताना कधी कधी रक्तातली साखर चढते. चढलेली साखर आणि स्टिरॉइड म्युकरला फावतात. म्हणून इंडक्शनमध्ये साखर तपासायची असेल त्या दिवशी ती तपासणी टाळू नका.

धोका मोजायचं सर्वांत उपयोगी माप म्हणजे न्यूट्रोफिल या संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा, एएनसी. बोलताना त्यालाच 'काउंट' म्हणतात. काही रिपोर्टवर तो छापलेला नसतो, पण काढणं सोपं आहे. समजा एकूण पांढऱ्या पेशी १,२०० आहेत, न्यूट्रोफिल २० टक्के आणि बँड पेशी (अजून पूर्ण न वाढलेले न्यूट्रोफिल) ५ टक्के. दोन्ही टक्के मिळवले की २५. १,२०० चे २५ टक्के म्हणजे ३००. हा झाला एएनसी. ५०० च्या खाली गेला की संसर्गाचा धोका वाढतो, १०० च्या खाली खूपच वाढतो. बुरशीच्या बाबतीत आकड्याइतकाच महत्त्वाचा असतो तो किती दिवस खाली राहिला हा प्रश्न. चार-पाच दिवसांत काउंट वर आला तर बुरशीला सहसा संधी मिळत नाही. दहा दिवसांहून जास्त काळ तो ५०० खाली राहिला तर मूल जोखमीच्या गटात धरलं जातं.

एक वही घाला. तारीख, एएनसी, प्लेटलेट्स, ताप, स्टिरॉइड चालू की बंद, बुरशीचं कोणतं औषध चालू आहे, एवढेच रकाने पुरेत. रात्री दोन वाजता नव्या ड्यूटी डॉक्टरांसमोर उभं राहिल्यावर "काउंट किती दिवस खाली आहे?" याचं उत्तर त्या वहीत लगेच सापडतं.

पायरी २: प्रतिबंधाचं औषध आहे का, असेल तर कोणतं

एएमएलच्या मुलांना काउंट खाली असताना बुरशी होऊ नये म्हणून आधीच औषध द्यावं, असं बालकर्करोगातली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. ते औषध हवेतून येणाऱ्या बुरशींवरही चालणारं असावं, अशी त्यांची शिफारस आहे. फ्लुकोनाझोल कॅन्डिडाच्या बऱ्याच प्रकारांवर चालतं, अ‍ॅस्परजिलसवर नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत एएमएल असलेल्या मुलांना आणि तरुणांना कॅस्पोफंजिन किंवा फ्लुकोनाझोल दिलं होतं. पाच महिन्यांत खोलवरचा संसर्ग कॅस्पोफंजिनच्या गटात ३.१ टक्के, तर फ्लुकोनाझोलच्या गटात ७.२ टक्के दिसला. कॅस्पोफंजिन फक्त शिरेतून देता येतं ही त्याची अडचण. साध्या जोखमीच्या एएलएलमध्ये असं औषध सरसकट देत नाहीत, आणि ते न देण्यामागे ठोस कारण आहे.

ते कारण म्हणजे व्हिन्क्रिस्टिन. एएलएलच्या उपचारात हे औषध पुन्हा पुन्हा येतं. इट्राकोनाझोल, व्होरिकोनाझोल, पोसाकोनाझोल ही अझोल गटातली औषधं यकृतात व्हिन्क्रिस्टिनचा निचरा करणारं एन्झाइम अडवतात. मग व्हिन्क्रिस्टिन शरीरात साठतं आणि नसांना इजा करतं. तीव्र बद्धकोष्ठ होऊन पोट फुगतं, जबडा दुखतो, चालताना पाऊल लोंबतं, रक्तातलं सोडियम उतरून झटकेही येऊ शकतात. फ्लुकोनाझोलमध्ये हा परिणाम कमी असतो, पण विचारल्याशिवाय तेही सुरू करू नये.

हे वाचून "आमचं मूल तर अशी औषधं घेत नाही" असं वाटेल. पण नायट्यासाठी इट्राकोनाझोलच्या गोळ्या सर्रास लिहून दिल्या जातात. मुलाच्या मांडीवर चट्टा उठला, घराजवळच्या डॉक्टरांनी चांगल्या हेतूने गोळी दिली आणि दोन दिवसांनी व्हिन्क्रिस्टिनचा डोस झाला, असं सहज घडू शकतं. म्हणून नियम सरळ ठेवा: ल्युकेमियाच्या टीमला विचारल्याशिवाय बुरशीची एकही गोळी पोटात जाऊ द्यायची नाही.

आता न्यूमोसिस्टिस. तिच्यासाठी आठवड्यातून ठरलेले दोन किंवा तीन दिवस को-ट्रायमॉक्साझोल देतात. ही गोळी रोजची नसते, त्यामुळेच ती विसरली जाते. देखभालीच्या, म्हणजे केमोच्या शेवटच्या लांबलचक टप्प्यात मूल शाळेत जाऊ लागतं, तब्येत छान दिसते, आणि गोळी हळूहळू सुटते. असं होऊ देऊ नका. न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया काउंट चांगला असतानाही होतो, आणि स्टिरॉइड कमी करत आणताना तो अनेकदा डोकं वर काढतो. कोरडा खोकला, वाढलेला श्वास, थोडं चाललं तरी ऑक्सिजन उतरणं, आणि छाती तपासली तर फारसं काही ऐकू न येणं, ही त्याची खूण. पुरळ उठल्यामुळे किंवा काउंट उतरल्यामुळे को-ट्रायमॉक्साझोल थांबवलं असेल, तर "मग त्याऐवजी काय?" हा प्रश्न त्याच भेटीत विचारा. पेंटामिडिन, डॅप्सोन, अ‍ॅटोव्हाकोन हे पर्याय आहेत.

पायरी ३: हवेची काळजी घ्या, बाकीचा जीव आटवू नका

पालक फरशा जंतुनाशकाने पुसून पुसून थकतात. स्वच्छता हवीच, पण अ‍ॅस्परजिलस फरशीवरून येत नाही, धुळीतून येते. काउंट खाली असताना घरात भिंत फोडणं, प्लास्टर काढणं, माळे आवरणं, जुन्या गाद्या झटकणं यातलं काहीही करू नका. शेजारी बांधकाम चालू असेल तर त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवा. ओल आलेली, काळे ठिपके पडलेली भिंत असेल त्या खोलीत मुलाला झोपवू नका, आणि ती खरवडायची असेल तर मूल घरात नसताना खरवडा. कुंड्या, ओला पालापाचोळा, खताचा ढीग यांपासून मुलाला लांब ठेवा. रुग्णालयातच बांधकाम चालू असेल तर कोणत्या वाटेने न्यायचं ते विचारा. त्या वाटेपुरता चेहऱ्यावर नीट बसणारा एन-९५ मास्क लावा. लहान मुलांच्या चेहऱ्यावर तो नीट बसत नाही, तेव्हा वाट बदलणंच बरं.

जुलाबांवर दिली जाणारी काही प्रोबायोटिक पुडी म्हणजे सॅकरोमायसेस बोलार्डी नावाची जिवंत यीस्ट असते. काउंट खाली असलेल्या, सेंट्रल लाइन असलेल्या मुलांच्या रक्तात ती उतरल्याचे प्रकार नोंदले गेले आहेत. पुडीवरचं नाव वाचा, आणि ती मुलाच्या आसपास फोडूही नका.

भेटायला येणाऱ्यांकडून अ‍ॅस्परजिलस किंवा म्युकर मुलाला लागत नाही, आणि मुलाकडून भावंडांनाही लागत नाही. बुरशी झाली म्हणून भावाबहिणीला दूर ठेवण्याचं कारण नाही. कॅन्डिडा ऑरिस मात्र वॉर्डात हातांवरून आणि वस्तूंवरून पसरते, म्हणून लाइनला हात लावणाऱ्या प्रत्येकाने हात धुतले की नाही हे निःसंकोच विचारा. चांगल्या नर्सला या प्रश्नाचा राग येत नाही.

पायरी ४: काउंट खाली असताना रोज पाच मिनिटांची तपासणी

ही पायरी मला सगळ्यांत मोलाची वाटते, कारण ती डॉक्टर रोज इतक्या निगुतीने करू शकत नाहीत आणि तुम्ही करू शकता.

सकाळी दात घासून झाल्यावर मुलाला उजेडात बसवा, तोंड उघडून मान मागे करायला सांगा आणि टॉर्च घ्या. आधी तोंडातली टाळू पुढून मागेपर्यंत पाहा. गुलाबी रंगात एखादा फिकट करडा, जांभळट किंवा काळा डाग दिसतो का? टाळूवरचा काळा डाग म्हणजे म्युकरची शंका, आणि त्यासाठी दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. मग गालांची आतली बाजू आणि जीभ पाहा. पुढे खालून टॉर्च धरून दोन्ही नाकपुड्यांत बघा: सुकी काळी खपली, एकाच बाजूने येणारं रक्ताळ पाणी. मग चेहरा समोरून पाहा. एका डोळ्याखाली सूज, एक पापणी उतरलेली, एक गाल फुगलेला? दोन्ही गालांवर एकाच वेळी बोटांनी हलकेच दाबा आणि दोन्हीकडे सारखं लागतं का ते विचारा. एका बाजूला दुखतं किंवा बधिर वाटतं, असं मूल म्हणालं तर ते मनावर घ्या.

नंतर कपडे बदलताना त्वचा पाहा. लाइनभोवतीची जागा, चिकटपट्टीच्या कडा, हाताला बांधलेल्या आधाराखालची त्वचा, आणि पायाच्या अंगठ्याचं नख. नखाभोवतीच्या साध्या वाटणाऱ्या सुजेतून फ्युसेरियमसारखी बुरशी आत शिरू शकते. मध्ये काळसर झालेला, दुखणारा लाल डाग नवा दिसला तर त्याच्या कडेने पेनाने रेघ ओढा आणि मोबाइलवर फोटो काढा. काही तासांनी तो रेघेबाहेर गेला का हे कळतं. फोटो लगेच टीमला पाठवा.

शेवटी मुलाला खोल श्वास घ्यायला सांगा. छातीत एका बाजूला किंवा खांद्याच्या टोकाला टोचलं का? फुप्फुसातली बुरशी कडेला पोचली की असं दुखतं. नवा कोरडा खोकला, थुंकीत रक्त, सतत डोकेदुखी, झटका, हातापायातली ताकद जाणं यांपैकी काहीही असेल तर थेट रुग्णालय गाठा.

आणि हे विसरू नका: डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइड चालू असताना ताप दबलेला असतो. ताप नाही म्हणून संसर्ग नाही, असं त्या आठवड्यांत धरून चालता येत नाही. मूल गळून गेलंय, खेळत नाही, काहीतरी वेगळं वाटतंय, हे कारणसुद्धा फोन करायला पुरेसं आहे.

पायरी ५: ताप आला तर

बहुतेक केंद्रं एकदाच ३८.३ अंश सेल्सियस, म्हणजे १०१ फॅरनहाइट, किंवा तासभर टिकलेला ३८, म्हणजे १००.४, याला ताप धरतात. तुमच्या केंद्राचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. थर्मामीटर गुदद्वारात घालू नका. टीमशी बोलण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नका, आणि आयब्युप्रोफेन तर नकोच, ते प्लेटलेट्सच्या कामात अडथळा आणतं. रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात पहिलं अँटिबायोटिक शिरेत जायला हवं, म्हणून दारातच सांगा: "ल्युकेमियाचं मूल आहे, काउंट खाली आहे, ताप आहे."

सुरुवातीचे दिवस लढाई बॅक्टेरियाशी धरून चालते आणि ते बरोबर आहे. चौथ्या दिवसापासून मात्र चित्र बदलतं. चांगली अँटिबायोटिक चालू असूनही ९६ तासांनंतर ताप हटत नसेल किंवा जाऊन पुन्हा आला असेल, आणि मूल बुरशीच्या जोखमीच्या गटात असेल, तर बुरशीचा शोध आणि बहुधा बुरशीचं औषधही सुरू करण्याची वेळ झालेली असते. त्यासाठी कॅस्पोफंजिन किंवा लायपोसोमल अँफोटेरिसिन वापरतात. तापाचा पहिला तास वहीत नोंदवा. चौथ्या दिवशी राउंडला विचारा: "बुरशीच्या दृष्टीने आज काय करायचं ठरलंय?" या प्रश्नात आगाऊपणा काही नाही.

पायरी ६: तपासण्यांचे रिपोर्ट कसे वाचावेत

छातीचा साधा एक्स-रे चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नका. फुप्फुसातल्या बुरशीच्या सुरुवातीला तो स्वच्छ दिसू शकतो. सीटी स्कॅनवर लहान गाठी लवकर दिसतात. मोठ्यांमध्ये वर्णन केलेल्या ठरावीक खुणा मुलांमध्ये अनेकदा नसतात, म्हणून "खास खूण नाही" याचा अर्थ "बुरशी नाही" असा होत नाही. पोटाची सोनोग्राफीही सोबत करतात.

ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, कॅन्डिडा आली तर तिला कधीही "बाहेरून मिसळली असेल" म्हणून सोडायचं नाही. लाइन काढायची का, डोळे तपासायचे का, रोज पुन्हा कल्चर घेणार का, हे तीन प्रश्न विचारा. उलट, कल्चर स्वच्छ आलं म्हणून कॅन्डिडा नाहीच असंही नसतं. खोलवर बसलेली कॅन्डिडा बऱ्याच वेळा कल्चरमधून निसटते. काउंट वर आला, सगळे खूश झाले, पण ताप चालूच आहे, पोटात उजवीकडे दुखतंय आणि यकृताच्या रक्ततपासणीतलं अल्कलाइन फॉस्फटेज वाढतंय, तर यकृत-प्लीहेतली कॅन्डिडा आठवायला हवी. ती काउंट सुधारल्यावरच दिसू लागते, आणि एमआरआयमध्ये चांगली कळते.

गॅलॅक्टोमॅनन ही रक्ततपासणी अ‍ॅस्परजिलससाठी असते. मुलांमध्ये रक्तातल्या या एका आकड्यावर निर्णय घेऊ नये, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. दुर्बिणीने फुप्फुसातून काढलेल्या पाण्यावर ती जास्त उपयोगी पडते. म्युकर या तपासणीत सापडतच नाही. म्हणून शक्य असेल तिथे दुर्बीण किंवा बायोप्सी करून बुरशीचं नाव शोधणं मोलाचं ठरतं. भूल, सुई, प्लेटलेट्स, या सगळ्याची भीती वाटते हे मी जाणते. पण व्होरिकोनाझोल अ‍ॅस्परजिलसवर पहिल्या पसंतीचं आणि म्युकरवर निरुपयोगी आहे. नाव कळलं नाही तर आठवडे चुकीच्या औषधात जाऊ शकतात.

पायरी ७: औषध चालू झाल्यावर

लायपोसोमल अँफोटेरिसिनमुळे पोटॅशियम आणि मॅग्नेशियम उतरतात, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन चढतं. हे आकडे वहीत घ्या. औषध चालू असताना थंडी वाजली, छाती आवळली किंवा पाठ दुखली तर लगेच नर्सला बोलवा. वेग कमी केला की बहुधा शमतं.

व्होरिकोनाझोलच्या गोळ्या जेवणाच्या एक तास आधी किंवा एक तास नंतर द्यायच्या. पोसाकोनाझोलचं पातळ औषध उलट पोटभर, स्निग्ध जेवणाबरोबर. लहान मुलांचं शरीर व्होरिकोनाझोल फार लवकर संपवतं, त्यामुळे किलोमागे डोस मोठ्यांपेक्षा जास्त लागतो आणि रक्तातली पातळी मोजावी लागते. ती साधारण १ ते ५.५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असावी. पातळी मोजली नसेल तर आठवण करा. दिसण्यात फरक पडणं, उजेड खुपणं, भास होणं मुलाने सांगितलं तर ते डॉक्टरांना कळवा. उन्हात त्वचा लवकर भाजते, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

उपचार सुरू केल्यावर आठवडाभरात केलेल्या दुसऱ्या सीटीत गाठी आधीपेक्षा मोठ्या दिसू शकतात. तो रिपोर्ट वाचून आईवडील खचतात. पण औषध लागू पडत असतानाही पहिले सात-दहा दिवस, विशेषतः काउंट चढताना, गाठी वाढून दिसतात. रिपोर्टबरोबर मुलाची स्थिती काय, ताप कसा, श्वास कसा, हेही विचारात घ्यायचं असतं. काउंट चढण्याच्या याच काळात थुंकीतून रक्त येण्याचा धोकाही असतो, तेवढी नजर ठेवा.

म्युकर असेल तर औषध एकटं पुरत नाही. मृत झालेला भाग शस्त्रक्रियेने काढणं, साखर आटोक्यात आणणं आणि जमेल तितकं स्टिरॉइड कमी करणं या गोष्टी बरोबरच होतात. शस्त्रक्रियेचा निर्णय कठीण असतो, तो मी हलका करून सांगणार नाही. मात्र त्यासाठी नाक-कान-घसा तज्ज्ञ आणि कर्करोगतज्ज्ञ त्याच दिवशी एकत्र बसले पाहिजेत, हा आग्रह जरूर धरा.

पायरी ८: केमोचं पुढे काय

बुरशी झाली की केमो कायमची थांबली, असा समज पसरलेला आहे, तो खरा नाही. थोडा खंड पडतो, संसर्ग आटोक्यात आल्याचं दिसलं की केमो पुन्हा सुरू होते. ल्युकेमियाला मोकळं सोडणंही तितकंच घातक असतं. अ‍ॅस्परजिलसचं औषध किमान सहा ते बारा आठवडे चालतं. कॅन्डिडा रक्तात असेल आणि कुठे खोलवर रुजली नसेल, तर कल्चर पहिल्यांदा स्वच्छ आल्यापासून दोन आठवडे. त्यानंतरही काउंट पुन्हा खाली जाणार असेल तेव्हा बुरशी परतू नये म्हणून औषध चालू ठेवतात. अशा वेळी व्हिन्क्रिस्टिन आणि अझोल समोरासमोर येतातच. टीम त्या दिवसांपुरता अझोल थांबवते किंवा शिरेतून दुसरं औषध देते. कोणत्या तारखेला काय थांबवायचं आणि काय परत सुरू करायचं, हे लिहून घ्या.

दुसऱ्या रुग्णालयात किंवा ट्रान्सप्लांटसाठी जायचं झालं तर चार गोष्टी बरोबर न्या: सगळ्या सीटींच्या मूळ प्रतिमा, केवळ रिपोर्ट नव्हे; कल्चर किंवा बायोप्सीत आलेलं बुरशीचं पूर्ण नाव आणि तिच्यावर कोणती औषधं चालतात त्याचा तक्ता; व्होरिकोनाझोलच्या शेवटच्या पातळीचा कागद; आणि ती वही.